आमच्या आंब्याचा खुंट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, ते ठाऊक नाही — कदाचित तुम्ही त्या पाण्याकाठी कधी उभे राहिला नाहीत, म्हणून.

कर्जतच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमच्या गावाचं धरण आहे. लहानसंच. त्याच्या पाण्यात आमचं भाताचं शेत गेलं आणि बांधावरचा आंबाही. आंबा वरून कापून नेला होता. खुंट तेवढा राहिला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तो डोकं वर काढायचा, आणि बाबा पाण्यात उतरून त्याला हळदकुंकू वाहायचे. "आपली जागा हाय ती," म्हणायचे.

त्याच काठावर मुंबईच्या एका साहेबांनी बंगला बांधला आणि एक मोटरबोट आणली — पत्र्याची, मागे पेट्रोलचं इंजिन अडकवलेलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. तो झालो या साहेबांमुळे. पुस्तकं त्यांनी दिली, मुंबईत राहायला जागा त्यांनी दिली. त्यांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही, आणि हेही तुम्हाला सांगायला हवं. कारण पुढचं त्याच्याशिवाय कळणार नाही.

सुट्टीत मी त्यांची बोट सांभाळायचो. मन लावून सांभाळायचो. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं, ते शिकलो. बोट काठावर ओढली की तळाचं बूच काढून साचलेलं पाणी जाऊ द्यायचं, आणि पुन्हा पाण्यात ढकलण्याआधी ते आठवणीनं लावायचं. सगळे खाली बसल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. इंजिनाची दोरी ओढण्याआधी गियर न्यूट्रलला आहे ना, हे हातानं चाचपून बघायचं; नुसतं डोळ्यांनी नाही. आणि कुणी पाण्यात पडलं, तर आधी इंजिन बंद. बाकी सगळं नंतर.

हे सगळं मला येत होतं. येत नव्हतं, असं म्हणता आलं असतं, तर किती बरं झालं असतं.

साहेबांची मुलगी निशा तेव्हा शाळेत होती. तिला माझं हे एकेक तपासणं बघून हसू यायचं. त्या दिवशी सकाळी ती पुढच्या टोकाला बांबू घेऊन उभी होती, बोट काठापासून लोटायला. म्हणाली, "तुम्ही बोट चालवता की पूजा मांडता हो?"

मीही हसलो. आणि तिला दाखवायला म्हणून — एवढ्यासाठीच — काही न बघता दोरी ओढली.

गियर पुढे पडलेला होता. बोटीनं उसळी घेतली. निशा पाण्यात.

तेव्हा तरी इंजिन बंद करायचं की नाही? मी तिला घ्यायला बोट तिच्याकडे वळवली. पाण्यात इंजिनाचा पंखा फिरतोय, हे मला ती ओरडली तेव्हा आठवलं. पायाची दोन बोटं गेली.

मी तिला काठावर आणली. साहेब बंगल्यातून धावत आले. काय झालं, म्हणून विचारलं. आणि माझ्या तोंडून निघालं — "खुंट. पाण्यातल्या खुंटावर आपटली बोट."

खुंट तिथून हाकेच्या अंतरावर होता. पाण्याखाली जेमतेम वीतभर. लाकूडच ते. त्याचं काय जाणार होतं? त्या क्षणी खरंच असं वाटलं मला. झाड कुणाचं, हे आठवलंच नाही.

कर्जतच्या दवाखान्यात तिचा पाय शिवून आणला, आणि संध्याकाळी बाबा साहेबांसमोर हात जोडून उभे राहिले. "सायेब, आमच्या झाडानं पोरीचा पाय नेला." साहेबांनी त्यांचे हात खाली केले, आणि म्हणाले, तुमच्या मुलानं तिला वाचवलं. मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडायला तेवढी एक जागा होती — आणि मी ती जाऊ दिली. त्यानंतर जागा उरलीच नाही. निशा अजून भेटली की म्हणते, तुम्ही होतात म्हणून मी आहे. बुटात कापूस भरून चालते. साहेब गेले, तेही माझं कौतुक करत. दर कौतुकाला एक दार बंद व्हायचं. मी आत.

पण सांगायचं होतं ते हेही नाही.

बंगल्यावरून परतताना बाबा काठावर थांबले. मी इंजिन उतरवून बोट नेहमीसारखी उपडी घालून ठेवली होती. ते वाकले. तिच्या नाकावरून, मग पोटावरून सावकाश हात फिरवला. पत्रा कोवळा असतो; दगडाला घासला तरी ओरखडा उठतो. खुंटावर आपटली असती, तर केवढा पोचा आला असता? पत्रा गुळगुळीत होता.

हात तसाच ठेवून, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तू नीट चालवली व्हतीस ना रं?"

"हो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच साहेब निशाला घेऊन मुंबईच्या इस्पितळात गेले. संध्याकाळी परत येऊन खुंट आणि बोट, दोन्ही बघतो, असं सांगून गेले. बाबा उजाडताच कुऱ्हाड घेऊन पाण्यात उतरले. तसं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. भिजलेलं लाकूड दगडासारखं झालेलं, घाव बसेना. मी खुंटाला दोरी बांधून काठावरून ओढत होतो. मुळापर्यंत काढला त्यांनी. मग एक तुकडा उचलून काठावर आले, आणि त्या तुकड्यानं बोटीच्या नाकावर एकच घाव घातला. पोचा पडला. तुकडा पाण्यात फेकला.

कुऱ्हाड खांद्यावर टाकून घराकडे चालू लागले. त्या विषयावर मरेपर्यंत बोलले नाहीत. हळदकुंकू घेऊन पाण्याकडे पुन्हा कधी गेले नाहीत.

गियर पुढे होता, बाबा. मी बघितलं नव्हतं.