बापूकाकांचा तिसरा मजला

माझं लग्न मोडता मोडता राहिलं, आणि त्याला कारण मुंबईतले बांधकामाचे नियम.

आमचे बापूकाका मस्कतची नोकरी सोडून परतले, त्यांनी मुलुंडला प्लॉट घेतला आणि चौदा खोल्यांचा बंगला बांधायचं ठरवलं. (राहणारी माणसं दोन. काका आणि काकू!) आर्किटेक्टने पहिल्याच दिवशी हवा काढली.

"प्लॉट जेवढा, तेवढंच एकूण बांधकाम, साहेब. शिवाय चारी बाजूंनी जागा सोडायची."

"जमीन माझी, पैसे माझे. मग वरचं आकाश कुणाचं?"

"ते मुन्सिपाल्टीचं."

काकांनी नकाशा गुंडाळला. पण बंगला उभा राहिला तेव्हा रस्त्यावरून बघते तर चांगला तीन मजली! वरच्या मजल्याला चार खिडक्या, खिडक्यांना गुलाबी पडदे. मी येता-जाता मान वर करून बघायची. पडद्यांमागे कधी दिवा नाही, की माणसाची सावली नाही. कुतूहलाने जीव जायचा माझा.

"काका, वर काय आहे हो?"

"पाहुण्यांसाठी आहे ते," असं म्हणून काका पेपरात डोकं घालायचे. जिन्याच्या दाराला कायम कुलूप.

अशात माझं लग्न ठरलं. मुलगा अंधेरीचा, माणसं मूळची कणकवलीची. गावाहून येणारं वऱ्हाड उतरवायचं कुठे, या विचाराने बाबांचा चेहरा पडला. तर मीच (लाजायचं वगैरे विसरून) होणाऱ्या सासूबाईंना म्हटलं, "त्यात काय! आमच्या काकांचा तीन मजली बंगला आहे ना. अख्खा वरचा मजला तुमचा!"

शेजारी बसलेल्या काकांना जोरात ठसका लागला. मला वाटलं, पोह्यांत मिरची आली.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी वऱ्हाड ट्रंका, वळकट्या आणि दोन फणस घेऊन बंगल्यावर हजर. काका "जरा बाजारात जाऊन येतो" म्हणत सटकत होते. मी त्यांना फाटकात गाठलं, किल्ली काढून घेतली आणि सगळ्यांना मिरवत वर नेलं. कुलूप काढलं. दार ढकललं.

समोर गच्ची! पाण्याची टाकी, वाळत घातलेल्या कुरडया, आणि रस्त्याच्या बाजूला लोखंडी टेकू दिलेली एक उंच भिंत. भिंतीत चार खिडक्या. खिडक्यांना पडदे. पडद्यांमागे कावळे!

नवऱ्याच्या आजीने आधी वर पाहिलं, मग माझ्याकडे. "गो बाय, हवा बरी आसा. पण छप्पर खंय गेला?"

तेवढ्यात काका धापा टाकत वर आले. सासरे भिंत ठोकून बघत होते.

"खिडक्यांना गज कशाला?"

"चोर येऊ नये म्हणून," काका म्हणाले.

"कुठून कुठे?"

काका ओशाळले. "छप्पर घातलं की नियमात धरतात हो. नुसत्या भिंतीला मजला म्हणत नाहीत."

बाबा घामाघूम. आई मनातल्या मनात सगळे देव आठवत होती. माझी तर वाट लागलेली! पण सासूबाई चक्क हसल्या. "असू दे. मांडववाल्याला सांगा ना, ताडपत्री टाकेल." त्याने टाकली, वऱ्हाड झकास राहिलं आणि लग्नही लागलं. एवढ्या मोठ्या मनाची सासू मिळाली म्हणून पाठवणीच्या वेळी मी दुप्पट रडले.

मन एवढं मोठं का, ते अंधेरीला गेल्यावर कळलं. त्यांच्या फ्लॅटची तिसरी खोली, म्हणजे आमची, ही काचा लावून बंद केलेली गॅलरी होती. तीही परवानगी न घेता! आमचा पलंग टाकला की दार लागत नसे.

हळदीचा रंग उतरायच्या आत मुन्सिपाल्टीचा माणूस तपासणीला आला. सासूबाईंनी मला डोळ्याने खूण केली. मी पळत जाऊन काचा सरकवल्या, पलंग भिंतीला उभा केला, त्यावर नवऱ्याचे लेंगे पसरले आणि हसून म्हटलं, "इथे कोण राहणार हो? आम्ही फक्त कपडे वाळत घालतो!"

त्याने मान डोलावली, वाकून कोपऱ्यातली उशी उचलली आणि माझ्या हातात दिली. अभ्र्यावर मीच भरतकाम केलेलं होतं, 'शुभ रात्री'.

"मग हीसुद्धा दोरीवर घाला, वहिनी," तो म्हणाला. "दमट दिसतेय."