गव्हाच्या कोठीतला लॅपटॉप

मी शिकलो तो ताईमुळे. तिने नववीत शाळा सोडली आणि कापूस वेचून मला कॉलेजात पाठवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. माझा जुना लॅपटॉपही तिच्याच कमाईचा. त्यावर मी एकदा आईची हळदीची गाणी रेकॉर्ड केली होती. पुढे आई गेली. मी नोकरीला बाहेर पडलो तेव्हा लॅपटॉप ताईकडे, सारंगखेड्याला ठेवला.

यंदा भाचीचं लग्न ठरलं. ताईचा फोन आला, "हळदले मायनंच गानं लावूत, भाऊ. पोरले आजीना आवाज ऐकू दे."

गाणी दुसरीकडे कुठेच नव्हती.

मी जाऊन लॅपटॉप आणला. बटण दाबलं, काहीच नाही. चार्जर बदलला, बॅटरी काढून बटण दाबून धरलं, रॅम खोडरबराने घासून परत बसवली. पंखासुद्धा फिरला नाही. निदान हार्ड डिस्क दुसऱ्या मशीनला लावून गाणी काढता येतील, म्हणून शहाद्याला स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने झाकण उघडलं आणि तो थांबला.

"हाऊ कठे ठेयेल व्हता, भाऊ?"

"ताईनी गहूनी कोठीमा ठेया. तठे कोरडं राहस ना."

"पेरना व्हता का?" तो हसला. मग वाकून पाहत म्हणाला, "कोठीमा किडाना गोया टाकेल व्हत्यात?"

"त्या तर दर साल टाकतस."

त्याचं हसू गेलं. त्या गोळ्यांचा वायू तांबं खातो, म्हणाला. बोर्डावरची तांब्याची रेघ न् रेघ काळी पडली होती. डिस्क त्याने तरीही लावून पाहिली. नुसती टिकटिक आली. "पुन्याले धाडी देखा," तो म्हणाला, "पन आशा नका ठेवा."

पुण्याहून डिस्क तशीच परत आली. फोनवर सांगवेना, म्हणून ताईला लिहून पाठवलं:

"ताई, गाणी निघाली नाहीत. पुण्यालाही पाहिलं. लॅपटॉप फार जुना झाला होता, त्यात कोणाचा दोष नाही. मी आठवून लिहायला बसलो. पहिल्या गाण्याच्या दोन ओळी आल्या, पुढे नुसती चाल येते, शब्द येत नाहीत. तुला येत असतील तर हळदीला तू म्हण. नसतील तर बँडवाल्यांना जे वाजवायचं ते वाजवू दे. भाचीला आत्ताच काही सांगू नकोस. मी आदल्या दिवशी पोचतो. लॅपटॉप आणत नाही."