नाक्यावरचा मान

दोना देलीला उभ्या आयुष्यात कुणी घरात बसवू शकलं नव्हतं. नवऱ्यानं एकदा प्रयत्न केला, तर शेवटी तोच घर सोडून गेला. बाराव्या वर्षापासून ती आईबरोबर ब्राझीलमधल्या साल्व्हादोर शहरात चौकात चवळीचे वडे, म्हणजे अकाराझे, तळायला बसायची. आई गेल्यावर एकटी बसू लागली. पोटात लेक होती तेव्हा नववा महिना लागला तरी कढईपुढून हलली नाही. आता त्रेचाळिसाव्या वर्षी एका न्यायाधीशानं तिला घरी बसवलं होतं, तेही उजव्या घोट्याला काळा पट्टा बांधून.

झालं असं, की तिच्या फ्रिजमागे पोलिसांना अमली पदार्थाचं एक पुडकं सापडलं. ते तिच्या भावाचं, हे गल्लीला ठाऊक आणि पोलिसांनाही ठाऊक. पण भाऊ पळालेला आणि फ्रिज देलीचा. अकरा आठवडे तुरुंगात काढल्यावर, नऊ वर्षांची मुलगी आहे म्हणून, खटला संपेपर्यंत तिला घरी सोडलं. अट एकच, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलंच, तर पट्टा थरथरणार, कचेरीत दिवा लागणार, फोन येणार, आणि असं वरचेवर झालं की परत तुरुंग. शिवाय रोज तीन तास वायर लावून पट्टा चार्ज करायचा. तेवढा वेळ ती गोठ्यातल्या गाईसारखी भिंतीला बांधलेली असायची. सरकार याला सवलत म्हणतं. म्हणो बापडं!

घरी बसायचं म्हणजे हात बांधून बसायचं, असं काही कागदात लिहिलेलं नव्हतं. देलीनं रस्त्याकडच्या खिडकीत कढई मांडली. आठवड्याचे बाकीचे दिवस तिनं सोडले, पण बुधवार सोडणं जमणार नव्हतं. बुधवार तिच्या वादळाच्या देवीचा, इयांसांचा. चवळी भिजवून सालं काढली, वाटली, लाकडी पळीनं हलकी होईस्तोवर फेटली. ताडाचं लाल तेल तापलं. सोड्यांच्या वासानं खिडकीशी माणसं जमली, आणि नेमकी तिथं देली अडली.

पहिले सात छोटे वडे एशूचे. एशू म्हणजे येशू नव्हे, हा नाक्याचा देव; त्याचा मान सगळ्यांच्या आधी. तो नाक्यावर ठेवल्याशिवाय गिऱ्हाइकाला वडा द्यायचा नाही, हे तिच्या हाताला एकतीस वर्षं ठाऊक होतं. आणि नाका होता उंबऱ्यापासून एकोणीस पावलांवर.

समोरचे म्हातारे चांभार, सेऊ ओताव्हियो, पुढे आले. ‘‘द्या इकडे ती ताटली. मी ठेवून येतो.’’

‘‘तळले मी आणि ठेवणार तुम्ही? एशू काय पार्सल घेतो का?’’

‘‘अहो, पण पायातला पट्टा?’’

‘‘पायात आहे ना? हात मोकळे आहेत माझे.’’

गेली की सरळ! पट्टा थरथरला, मागोमाग फोन वाजला. कचेरीतला माणूस म्हणाला, ‘‘बाई, हद्दीत परत जा.’’

‘‘निघालेच आहे. ओरडू नका, देवाचं काम चाललंय.’’

पुढचे दोन बुधवारही तसेच झाले. तिसऱ्यानंतर कोर्टाचा कागद आला, हद्द का ओलांडली याचं उत्तर समोर येऊन द्या. उत्तर पटलं नाही तर सवलत रद्द, देली तुरुंगात आणि जामीली, तिची लेक, सरकारी अनाथालयात. देलीनं कागद दोनदा वाचला. तिला भीती वाटत नव्हती असं कुणी समजू नये. चांगली वाटत होती.

देलीची बाजू मांडायला सरकारनं दिलेली वकील तेर्सिया तरुण होती, मनानं चांगली होती आणि तिच्याकडे दिवसाला चाळीस खटले होते. ती म्हणाली, ‘‘दोना देली, हे पट्टे बिघडतातच. आपण बिघाड झाला म्हणू. नाक्याचं, देवाबिवाचं काही काढू नका. साहेबांना आवडणार नाही.’’

‘‘म्हणजे माझ्या देवाला मी बिघाड म्हणू?’’

‘‘लेकीसाठी म्हणा.’’

देली पट्ट्याची वायर भिंतीत खोचायला उठली. वकीलबाईंना वाटलं, पटलं.

कोर्टात देली गेली ती पांढराशुभ्र घेरदार झगा, डोक्याला पांढरा फेटा आणि गळ्यात लाल मणी घालून. मागच्या बाकावर जामीली बसली होती. तेर्सिया उठून बिघाडाचं सांगू लागली.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘तीन बुधवार. तिन्ही वेळा चार वाजून पाच मिनिटं. तिन्ही वेळा तोच नाका. बिघाड इतका वक्तशीर असतो?’’

तेर्सियानं तोंड उघडलं, पण देली आधीच उभी होती. ‘‘पट्ट्याला उगाच दोष नको, साहेब. तो बिचारा नीट चालतोय. मीच गेले होते. एशूचा मान ठेवायला.’’

तेर्सियानं कपाळाला हात लावला.

‘‘पुन्हा जाल?’’

देलीनं वळून लेकीकडे पाहिलं. मग तिनं आवाज चढवला. ‘‘जाईन. आई खोटं बोलून सुटली, हे तिनं का बघावं? आमच्याच गल्लीत एक जण आहे, त्याच्याही पायात असाच पट्टा. दर रविवारी दोन तास चर्चला जातो, खिशात तुमच्या सहीचा कागद घेऊन. जाऊ दे, मला आनंदच आहे. त्याचा देव छपराखाली बसतो, माझा नाक्यावर. छप्पर नाही म्हणून माझ्या देवाला कागद नाही?’’

मग तेर्सिया पुन्हा उठली. या वेळी तिनं फाइल मिटली होती. ‘‘माझा मघाचा युक्तिवाद मी मागे घेते. माझ्या अशिलाला रविवारच्या परवानगीसारखीच बुधवारची परवानगी मिळावी.’’

न्यायाधीश बराच वेळ लिहीत राहिले. जामीली बाकाची कड घट्ट धरून बसली होती. शेवटी त्यांनी वाचून दाखवलं. सवलत कायम. दर बुधवारी चार ते सव्वाचार, नाक्यापर्यंत, एवढीच परवानगी. एक मिनिट जरी वर गेलं, तर तुरुंग.

पुढच्या बुधवारी चारच्या ठोक्याला देली उंबरा ओलांडून बाहेर आली. झग्याचा घेर तिनं एका हातानं मुद्दाम उचलून धरला होता, पट्टा अख्ख्या गल्लीला दिसेल असा. नाक्यावर सात वडे ठेवले, पाणी शिंपडलं, ओठात काही पुटपुटली. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. पण ती मागे वळली नाही. कमरेवर हात ठेवून नाक्याच्या मधोमध उभीच राहिली.

खिडकीशी रांग लागली होती. सेऊ ओताव्हियोंनी हाक मारली, ‘‘दोना देली, झालं ना? चला की आता, तेल तापलंय!’’

‘‘तापू दे,’’ देली तिथूनच म्हणाली. ‘‘माझी अजून तेरा मिनिटं आहेत. त्यातलं एकही मी परत देणार नाही.’’