काळ्या यादीतला फोन

थोरलीला राग आला की ती चादरींच्या घड्या जरा जास्तच दाबून घालायची. त्या आठवड्यात धुलाई कारखान्यातल्या चादरी तिच्या हाताखाली इस्त्रीवाचूनच सपाट होत होत्या.

धाकटी जाऊ तिच्या मागून कारखान्यात लागली, तिच्याच हाताखाली शिकली आणि आता मुकादम होऊन बसली. थोरलीचे गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून मालकांनी तिची मुकादमकी काढून तिला घडीचं बैठं काम दिलं. मुकादमकीबरोबर कामाचा नवाकोरा फोनही धाकटीकडे गेला. जुना फोन थोरलीच्या हातात ठेवत मालक म्हणाले, "हा आता तुम्हीच वापरा." तिने तो पिशवीत टाकला आणि घरी आणला. धाकटीला अवाक्षर सांगितलं नाही. तिला कशाला विचारायचं? ती काय मालकीण लागून गेली?

फोन हवा होता तो नातीसाठी. लेक परगावी, नात नुकती बसायला लागलेली. थोरलीचा स्वतःचा फोन बटणांचा, त्यामुळे नातीचं तोंड बघायचं ते धाकटीच्या फोनवर. फोन धाकटीच्या हातात, म्हणून पोर हसायची तीही धाकटीकडे बघून. थोरली मागून मान लांब करून पुढे येईतो पोरीचे डोळे मिटायला लागलेले.

"बघ, बघ, आजी आली!" धाकटी कौतुकाने म्हणायची आणि थोरली मनात फणफणायची. आजी आली म्हणे! आजी कधीची इथेच उभी आहे.

पण जुन्या फोनमध्ये सिम घातलं तरी तो मुका तो मुकाच. थोरली तो घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेली.

"मावशी, हा फोन हरवलाय अशी तक्रार आहे," दुकानदार म्हणाला. "फोन कंपनीने ब्लॅकलिस्टमध्ये टाकलाय. कुठलंही सिम घाला, लागायचा नाही."

"हरवलाय कुठे? तुझ्यासमोर आहे की!"

"माझ्यासमोर आहे, पण कंपनीच्या लेखी हरवलाय. ज्यांनी तक्रार केली त्यांनीच ती मागे घ्यायला हवी. तोवर घरात कोणाच्या तरी फोनवरून इंटरनेट घ्या."

"कोणाच्या तरी!" थोरली उठलीच.

घरी येऊन तिने नवऱ्यापुढे धाकटीचा उद्धार केला. "मुद्दाम केलंय तिने! माझं बरं कधी बघवलंय तिला?"

नवऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. "संध्याकाळी कारखान्यातल्या पेटीत कामाचा फोन दिसला नाही तर कुलूप लावायच्या आत फोन कंपनीला कळवायचं, हा नियम कोणाचा?"

नियम थोरलीचाच. कपडे पोचवणारे गाडीवाले कामाचे फोन कुठेही टाकून यायचे म्हणून तिनेच घालून दिलेला.

"मालकांनी तिला सांगायचं ना, की फोन मला दिलाय!"

"त्यांनी तुला सांगितलं. तू तिला सांगितलंस?"

थोरली देवापुढे जाऊन बसली. "देवा, तिला सद्बुद्धी दे," म्हणाली. मग जरा थांबून, "मलाही दे थोडी," असं पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी चादरीवरची नजर न उचलता ती म्हणाली, "तो जुना फोन माझ्याकडे आहे. मालकांनी दिलाय."

"अगंबाई! ताई, तुमच्याकडे?" धाकटी मटकन गठ्ठ्यावर बसली. "मी एकेक चादर झटकून बघितली हो! मुकादम झाल्या झाल्या फोन हरवला, हे मालकांना कोणत्या तोंडाने सांगणार होते?"

थोरलीला आधी मनातून बरं वाटलं. मग धाकटीने तिथूनच कंपनीला फोन लावला आणि साऱ्या बायकांसमोर खणखणीत आवाजात म्हणाली, "चूक माझी झाली. फोन आमच्या जाऊबाईंकडेच होता. मीच विचारलं नाही."

थोरलीचे हात थबकले. चूक माझी, हे दोन शब्द म्हणताना त्या बयेची जीभ जरासुद्धा अडखळली नाही. हेही तिला आपल्यापेक्षा चांगलं जमावं?

काही दिवसांनी फोन सुरू झाला. थोरली खोलीचं दार लोटून घेऊन एकटी बसली. पडद्यावर नात आली. तिने आजीला न्याहाळलं, आजीच्या खांद्यामागे डोळे फिरवले आणि ओठ काढला.

"आई, काकूला शोधतेय वाटतं," लेक म्हणाली.

थोरलीने दात आवळले. नातीचा ओठ थरथरायला लागला तशी तिने दार उघडून हाक मारली, "ए, ये गं इकडे. पोर रडतेय."

धाकटी पळतच आली आणि सवयीने तिचा हात पुढे झाला.

"अंहं. तू फक्त दिसायचं," थोरली म्हणाली. "फोन मी धरणार."