राजगिऱ्याचा बकरा

आवडाबाई अनसिंगची माळीण. नवरा लवकर गेला, मळा तिनं एकटीनं चालवला. वाशीमच्या बाजारात वांगी चिवडणाऱ्या गिऱ्हाइकाला ती सरळ म्हणायची, "सोयरीक जमवून राह्यले का भाऊ?" अशा बाईला एका बकऱ्यानं रडवलं.

एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. पटकीच्या साथीत तिचा एकुलता एक चंपत हातचा जातो की काय असं झालं, तेव्हा तिनं मरीमायला बकरा बोलला. चंपत वाचला. आता नवसाचा बकरा विकत आणून चालत नाही, घरीच वाढवावा लागतो. हा रिवाज ज्यानं काढला, त्यानं स्वतः कधी बकरा पाळला नसणार. आवडाबाईनं पिल्लाला कडेवर घेऊन वाढवलं, पुढ्यातली भाकर चारली. नवस फेडायचे दिवस आले तसं तिला अन्न गोड लागेना. बकरा कापवत नव्हता, आणि न कापावा तर चंपतची धास्ती.

तिच्याकडे राजगिरा घ्यायला शाळेतले हिरालाल मास्तर येत. मास्तरांचे उपास थोडे आणि बोलणं फार. एकदा दाणे हातात घोळवत त्यांनी सांगितलं, की सातासमुद्रापलीकडे मेक्सिकोत अझ्टेक नावाचे लोक होते. रक्त दिलं नाही तर सूर्य थांबेल, असा त्यांचा समज. म्हणून ते देवळावर माणसं बळी देत.

"मानसं?"

"माणसं. आणि सणाला राजगिऱ्याच्या पिठाची देवाची मूर्ती करत. मग ती मोडून सगळे खात, देवाचंच अंग म्हणून."

"मंग आता त्या सूर्याले कोन देते?"

"कोणीच नाही. त्यांचं राज्य बुडून चारशे वर्षं झाली."

आवडाबाईनं वर उन्हाकडे पाहिलं आणि तराजू खाली ठेवला.

पुढच्या मंगळवारी तिनं राजगिऱ्याच्या पिठात गूळ घालून बकरा केला आणि मरीमायपुढे कापला. भगत भाऊसिंग भडकला. बळीच्या मुंडक्याचा मान त्याचा, आणि हातात आलं मुठीएवढं गोड मुंडकं! "देवीची मस्करी करून राह्यली का बाई?" पण मंगळवार धरणाऱ्या बायकांची चंगळ झाली. त्यांना बळीचं मटण कधी चालत नसे; हा बकरा उपासाला चालत होता. त्यांनी तो शेपटीसकट फस्त केला.

आश्विनात चंपतला हिवताप आला. कुनैन देऊनही ताप उतरेना. मग शेपटी खाणाऱ्या त्याच बायका सांगायला आल्या, "देवी आपलं मागून राह्यली, आवडे." मला याचा अजून संताप येतो. भाऊसिंगनं सुरीला धार लावली आणि निरोप धाडला, बकरा घेऊन ये.

आवडाबाई आली ती रिकाम्या हातानं. मरीमायच्या ओट्यावर तिनं स्वतःची मान टेकवली.

"चालव सुरी, भाऊ. त्या मुलखात मानूसच देत. नवस म्या बोलला, मोडला बी म्याच. बकऱ्यानं काय केलं?"

जमलेल्या बायका मागे सरल्या. भाऊसिंगनं सुरी उचलली, पुन्हा खाली घेतली. मग तो ओट्यावर बसूनच गेला.

"ऊठ बाई. माह्यानं नाही होत."

"तुह्यानं नाही होत," मान न उचलता आवडाबाई म्हणाली, "अन् तिले तं आपन माय म्हंतो."

पुढे चंपत बरा झाला. कुनैननं की कशानं, यावर गावात अजून दोन तट आहेत. बकरा म्हातारा होऊन मेला, आणि मळ्यात त्याचा खड्डा भाऊसिंगनं खणला.