पंपाने धरून ठेवलेले पैसे

तोर्फानेस गावातली बँक बंद झाली तेव्हा योरुन पंचावन्न वर्षांची होती. एकतीस वर्षं ती त्या एकाच खिडकीमागे बसली होती. शेवटच्या दिवशी तिने खिडकीतली कुंडी उचलली, रस्ता ओलांडला आणि समोर एविंदुरच्या दुकानात जाऊन ती गल्ल्याशेजारी ठेवली.

"तुला माणूस पाहिजे होतं ना?"

"माणूस पाहिजे होतं. कुंडी नव्हती सांगितली," एविंदुर म्हणाला.

"ती माझ्याबरोबर येते."

सोमवारपासून योरुन दुकानात. दूध, मासे पकडायचे गळ, लोकरीचे मोजे, सॉसेज, कॉफी असं सगळं एकाच छपराखाली. गावात रोख पैसा कुणी वापरतच नाही. चर्चच्या जत्रेत धिरड्यासारखे गोड पॅनकेक घ्यायचे तरी लोक कार्डच पुढे करतात. त्यामुळे नोटा मोजण्यात घासलेली तिची बोटं आता नुसती मशीनची बटणं दाबत होती. पण बँकेत शिकलेली एक गोष्ट तिने सोडली नव्हती. कार्ड नाकारलं गेलं की माणूस आधी खाली बघतो आणि मग मागच्या रांगेकडे. ते दुसरं बघणं तिला सहन होत नसे. म्हणून मशीनवरची लाल अक्षरं कुणाला दिसायच्या आत ती मशीन आपल्याकडे वळवून घ्यायची आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "रुसलं बघ पुन्हा! घेऊन जा गं तू, हे ताळ्यावर आलं की बघू."

मासळीचा कारखाना दोन महिने बंद पडला, त्या हिवाळ्यात मशीन फार वेळा रुसलं. सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण बोललं कुणीच नाही. ठाऊक नव्हतं ते फक्त एविंदुरला. तो तीन आठवडे मशीनच्या कंपनीशी फोनवर भांडला आणि शेवटी त्याने राजधानीतून, रेक्याविकहून नवीन मशीन मागवलं. तेही दुसऱ्या दिवशी रुसलं तेव्हा योरुनला त्याला मागच्या खोलीत नेऊन खरं सांगावं लागलं.

एविंदुर खोक्यावर बसला.

"म्हणजे जुनं मशीन चांगलं होतं?"

"उत्तम होतं."

"आणि मी त्या कंपनीच्या पोरीला फोनवर काय काय बोललो!"

"उद्या फोन करून माफी माग," योरुन म्हणाली आणि गल्ल्यावर गेली. त्याने खरंच मागितली.

दुकानासमोर दोन वर्षांपूर्वी पेट्रोलचा पंप झाला होता. तो एविंदुरचा नव्हता, दूर शहरातल्या एका कंपनीचा होता. माणूस कुणी नाही. कार्ड घालायचं, आकडे दाबायचे, नळी उचलायची. तिथे अडलेला प्रवासी दुकानात यायचा. "पंप आमचा नाही," असं एविंदुरने दारावर लिहूनच ठेवलं होतं. योरुनही तेच सांगायची. दोन उन्हाळे तिने काचेतून पाहिलं होतं. लोक पंपाभोवती फिरतात, कार्ड पुसतात, पुन्हा घालतात, एकमेकांवर चिडतात आणि निघून जातात. कुठे जातात, पुढे पोचतात का, याचा तिने विचार केला नव्हता.

जुलैमधल्या एका बुधवारी दुपारी वारा इतका होता की दुकानाचं दार दोन हातांनी धरावं लागत होतं. एक जुनी निळी गाडी पंपापाशी थांबली. परक्या देशाची नंबरप्लेट, टपावर ताडपत्रीत बांधलेलं सामान. उंच म्हातारा उतरला आणि त्याने चार वेळा कार्ड घातलं. मग तो आणि त्याची बायको दुकानात आले. त्यांनी दोन कॉफी मागितल्या; फुकट चौकशी करायला आल्यासारखं दिसू नये म्हणून, हे योरुनच्या लगेच लक्षात आलं.

त्याने कार्ड टेकवलं. योरुनने मशीन वळवून घेतलं.

"रुसलंय हे," ती इंग्रजीत म्हणाली. "कॉफी घ्या, पैशांचं राहू दे."

म्हातारा हसला नाही. "बाई, मी आमच्या ब्रनो शहराच्या ट्राममध्ये तीस वर्षं तिकिटं तपासली. एखादी आई पोरांना घेऊन बसलेली असायची, तिकीट नसायचं. मीही हेच म्हणायचो, की मशीन बिघडलंय. बिघडलेलं नसायचं."

बँकेतली एकतीस आणि दुकानातली सहा, इतक्या वर्षांत योरुनला असं कुणी पकडलं नव्हतं. तिने निमूटपणे मशीन त्याच्याकडे वळवलं. लाल अक्षरं त्यालाही दिसली.

त्याचं नाव ओल्द्रिख, बायको क्वेता. दोघं बोटीने स्वतःची गाडी घेऊन आले होते, तंबूत राहत होते, डबे घरून आणले होते. परतीची बोट उद्या सकाळी सुटणार होती. बंदर एका घाटापलीकडे, दीड तासावर. टाकीत जेमतेम वीस किलोमीटरचं पेट्रोल. ही बोट चुकली तर पुढची आठवड्याने.

"आम्हाला लुटलंय," क्वेता म्हणाली. "काल रात्रीपर्यंत पैसे होते. मुलाने प्रवासापुरतं हे एकच वेगळं कार्ड करून दिलं, चोरीला गेलं तरी सगळं जाऊ नये म्हणून. आणि आता त्यातलंच गेलं."

"फोनवर खातं दिसतं का? दाखवा बघू."

क्वेताने फोन पुढे केला. चेक भाषेतलं योरुनला एक अक्षर कळेना, पण आकडे कळण्यासाठी तिला भाषा लागत नसे. एकसारखी मोठी रक्कम तीनदा, तीन दिवसांत, तिन्ही फिकट अक्षरांत.

"पंपावर भरताना तुम्ही 'पूर्ण टाकी' दाबलंत?"

"टाकी पूर्णच भरायची होती," ओल्द्रिख म्हणाला.

"मग तुम्हाला कुणी लुटलेलं नाही. पूर्ण टाकी म्हटलं की पंप आधी पंचवीस हजार क्रोना धरून ठेवतो. तुम्ही सातच हजारांचं भरलं तरी पंचवीस धरलेले असतात. उरलेले सुटतात, पण चार-पाच दिवसांनी. तीन पंपांवर भरलंत, तिघांनी धरून ठेवले. पैसे तुमचेच आहेत, फक्त आज तुमच्या हातात नाहीत."

"धरून ठेवले? म्हणजे मला चोर समजला की काय तो?"

"त्याला माणूस दिसत नाही ना," योरुन म्हणाली. "म्हणून तो सगळ्यांनाच चोर समजतो."

क्वेता मटकन खुर्चीत बसली आणि मोठ्याने हसायला लागली. लुटलं गेलेलं नाही, एवढंच तिला पुरेसं होतं. तिच्या नवऱ्याला नव्हतं. योरुन म्हणाली की माझ्या कार्डावर पेट्रोल भरते, घरी गेल्यावर पाठवा. त्याने नकारार्थी मान हलवली. उसनं त्याने कधी घेतलं नव्हतं. त्याने मनगटावरचं घड्याळ काढून गल्ल्यावर ठेवलं.

"हे ठेवून घ्या."

"घड्याळ इथे ठेवून बोट कशी गाठणार?"

"मग आम्ही थांबतो. आठवडाभर. पैसे सुटतील."

तेव्हा क्वेता उठली. आधी आपल्या भाषेत ती त्याला बरंच काही बोलली आणि मग योरुनलाही कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाली, "तीस वर्षं तू लोकांना विनातिकीट पकडलंस, ओल्दा. आता एक दिवस तू विनातिकीट बस. माझे गुडघे अजून सात रात्री तंबूत झोपायला तयार नाहीत."

दूध मांडत असलेला एविंदुर फिसकन हसला. ओल्द्रिखने त्याच्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि सावकाश घड्याळ परत बांधलं.

योरुन वाऱ्यात वाकून पंपापाशी गेली. कार्ड घातलं, आकडे दाबले आणि त्याला बोलावून दाखवलं. "हे बघा. पूर्ण टाकी नाही, इथे रक्कम निवडायची. सहा हजार. तो सहाच घेतो, जास्त धरत नाही." त्याने चष्मा वर करून ते बटण पाहिलं आणि शाळकरी पोरासारखं एकदा स्वतः बोट लावून पाहिलं.

पेट्रोल भरत असताना क्वेताने सहज विचारलं, "आमच्यासारखे अजून कितीजण येतात हो?"

पंपाभोवती फिरणारी ती सगळी माणसं योरुनला आठवली. गावच्या माणसाला रांगेत खाली बघावं लागू नये म्हणून ती धडपडत होती, आणि काचेपलीकडच्या या लोकांकडे तिने दोन उन्हाळे नुसतं पाहिलं होतं. पंप आपला नाही म्हणून. तिला स्वतःचा राग आला.

ती आत गेली, बिस्किटांचं खोकं फाडलं आणि जाड पेनाने त्यावर लिहिलं: पूर्ण टाकी दाबू नका, रक्कम निवडा, नाहीतर पंप तुमचे पैसे चार-पाच दिवस धरून ठेवतो. इंग्रजीत तिने लिहिलं, जर्मन एविंदुरने, खाली चेक क्वेताने. ओल्द्रिखने एक स्पेलिंग सुधारलं आणि पुठ्ठा पंपावर चिकटवला. मग निळी गाडी घाटाच्या वाटेला लागली.

सहाव्या दिवशी पैसे आले. सहा हजारांवर आणखी एक हजार. सोबत एक ओळ: कॉफीचेही. तिकीट तपासनीस.

पुठ्ठा मात्र दहा दिवसच टिकला. कंपनीचा माणूस तपासणीला आला आणि त्याने तो काढून टाकला. परवानगीशिवाय पंपावर काही लावता येत नाही, असं त्याने दुकानात येऊन नम्रपणे सांगितलं.

"बरोबर आहे," योरुन म्हणाली. "आणि पंपाशेजारच्या जागेवर?"

"ती गावाची."

"तिथे गाडी उभी केली तर?"

"गाडी उभी करायला कोण हरकत घेणार?"

दुसऱ्या दिवशी योरुनची लाल गाडी पंपापासून चार पावलांवर, खिडक्या पंपाकडे करून उभी होती आणि बाजूच्या प्रत्येक काचेला आतून एक पुठ्ठा. ज्या पाहुण्याची जी भाषा, त्याच्याकडून ती ओळ लिहून घेतलेली. ऑगस्ट संपेपर्यंत अकरा भाषा झाल्या. पुढची काच भरली तेव्हा गाडी चालवणंच शक्य राहिलं नाही आणि दोन किलोमीटरवरच्या घरून योरुन पायी यायला लागली.

"तुझी गाडी तुझ्यापेक्षा जास्त काम करते," एविंदुर एकदा म्हणाला.

"हो," योरुन ओले बूट काढत म्हणाली, "आणि तुझ्याकडे पगारही मागत नाही. निदान मोजे तरी दे एक जोडी."

त्याने फळीवरून लोकरीचे, चांगले महागातले मोजे काढले आणि त्यांचं बिल न करता तिच्यासमोर ठेवले.