गाण्याखालचा आवाज

उत्तमकाका कुणाशीही बोलायच्या आधी त्याला खांद्याला धरून उजेडाकडे फिरवायचे. दुकानात, बसस्टँडवर, अगदी माझे वडील गेले तेव्हा भेटायला आले तरी तेच. मी ओसरीत रडत उभी होते. त्यांनी मला हळूच दाराकडे वळवलं आणि मग म्हणाले, "आता बोल, माय." आमच्या धावडा गावात त्यांना शूटिंगवाले उत्तमराव म्हणत. आसपासच्या निम्म्या लग्नांचं व्हिडिओ शूटिंग त्यांनीच केलेलं, माझ्याही लग्नाचं. एक डोळा बारीक करून बघायची खोड कॅमेरा सुटला तरी सुटली नाही, त्यामुळे शहरात अनोळखी बायका त्यांच्याकडे रागानं बघायच्या. त्यांना त्याचा पत्ताही नसायचा.

हातोहाती मोबाईल आले आणि त्यांचा धंदा बसला. मग ते जालन्यात मस्तगडला एक खोली घेऊन राहिले आणि जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून द्यायला लागले. मीही जालन्यातच शाळेत शिकवते. आई गेल्यावर माहेरच्या ट्रंकेत माझ्या लग्नाची कॅसेट सापडली, ती घेऊन मी त्यांच्याकडे गेले. फितीवर पांढरी बुरशी धरलेली. काकांनी ती उजेडात धरली, नाकाला लावली आणि डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणाले, "वाचंल. पण टाइम लागंल."

कापूस आणि स्पिरिट घेऊन ते फीत वीत-वीत पुसायचे. ती उतरवायला तर जेवढ्या तासांची कॅसेट, तेवढेच तास लागतात. दुसरा कुणी असता तर मशीन चालू करून चहाला गेला असता. काका मात्र कानाला हेडफोन लावून सगळे तीन तास बसून राहायचे. परक्यांच्या लग्नात एवढं काय ऐकता, असं मी विचारलं. त्यांनी हेडफोन काढला.

"कमलचा आवाज शोधून राह्यलो."

कमलकाकू म्हणजे त्यांची बायको. बारा वर्षांपूर्वी वारल्या. हळदीच्या खोलीत पुरुष शिरला की बायका पदर ओढून बसतात, म्हणून काका दारातून शूटिंग करायचे आणि आत हॅलोजनचा तापलेला लाइट धरून काकू उभ्या राहायच्या. ‘इकडं बघा, हसा जरा,’ हे सगळं त्याच सांगायच्या. शेकडो लग्नांत त्या बोलल्या असतील. पण लाइट धरणारी बाई चित्रात येत नाही. आणि आवाज? तो काकांनीच पुसला होता. मिक्सिंग करताना ते लग्नाचा मूळ आवाज काढून सगळ्या कॅसेटवर सिनेमाची गाणी टाकायचे आणि मूळ कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायचे. सगळेच तसं करत. गिऱ्हाइकालाही तेच हवं असायचं. "लग्नातला कालवा कोन ऐकतो? गाणं पाह्यजे," हे तेव्हाचं त्यांचं ठरलेलं वाक्य.

आता लोक कॅसेट उतरवून न्यायचे आणि आज्याचा आवाज कुठे गेला म्हणून विचारायचे. काका सरळ सांगायचे, "म्या मारला." त्यांच्या घरची एकच कॅसेट होती, मुलीच्या, म्हणजे वर्षाच्या पाचव्या वाढदिवसाची. तीत काकू तोंड भरून बोलतायत आणि वर गाणं चाललंय.

"एक गाणं सरून दुसरं सुरू होईस्तवर दोन-तीन सेकंद राहत्यात," ते म्हणाले. "तेवढ्यात बोलली असंल तर बोलली."

तीन वर्षं ते अशा फटी ऐकत होते. त्यांत बँड सापडला, कुत्रं सापडलं, ‘मीठ आणा रे’ सापडलं. एकदा ‘सरका’ म्हणणारी बाई सापडली. दोन दिवस तेवढंच ऐकून त्यांनी पुण्याला वर्षाला फोन केला. नंतर कळलं, ती नवऱ्या मुलाची मावशी होती.

मी कॅसेट ठेवून आले. पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला, "जल्दी ये."

पडद्यावर माझी हळद थांबवून ठेवली होती. त्यांनी ती चालू केली. वीस वर्षांची मी हमसून रडतेय. मग लाइट थोडा हलतो, मी वर बघते, काहीतरी ऐकते आणि खुदकन हसते. वर गाणं जोरात.

"तुलाच बोलली ती इथं," काका म्हणाले. "काय म्हणली, माय?"

मला खरंच काही आठवत नव्हतं. डोळ्यांवरचा तो प्रखर उजेड आणि हळदीचा वास, एवढंच. तसं सांगायला हवं होतं. पण ते एक डोळा बारीक करून माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "काकू म्हणाल्या, आता बास कर माय, लाइट धरून माझा हात मोडला."

काका आधी खूप हसले. "बराबर! अशीच बोलायची." मग त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा ते हसले नाहीत.

"एवढी वर्षं लाइट धरला तिनं," ते म्हणाले. "मला एकदाबी न्हाई म्हणली हात दुखतो म्हणून. तुला म्हणली."

तेव्हाच कबूल करायचं होतं. मी केलं नाही. त्यांना आनंद द्यावा म्हणून मी खोटं बोलले आणि एका म्हाताऱ्याच्या पदरात आयुष्यभराचा दोष टाकून आले. त्यानंतर त्यांनी हेडफोन लावणं सोडलं. कॅसेट लावायचे आणि मशीनकडे पाठ करून बसायचे. मी गेले की हटकून तोच विषय. "म्या कधी इचारलंच न्हाई तिला. लाइट वर घे, लाइट खाली घे, एवढंच." दर वेळी मी ठरवून जायची, आज सांगायचं. दर वेळी चहा पिऊन परत यायची. दिवाळीनंतर छातीत कळ आली आणि ते गेले.

तेराव्यानंतर वर्षा माझ्या घरी आली. बापासारखीच उभट चेहऱ्याची, चाळिशीला टेकलेली. बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "ताई, बाबा सांगायचे, आईचं एक वाक्य तुमच्याकडं आहे. माझ्याकडं तर तिचं काहीच न्हाई."

तिनं मोबाईल काढला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि माझ्या तोंडापुढे धरला. मी ते वाक्य म्हटलं.

तिनं ते कानाला लावून ऐकलं, डोळे पुसले आणि मोबाईल पुन्हा पुढे केला.

"थोडं हळू म्हणा ना, ताई. आई हळू बोलायची."

मी हळू म्हटलं.